कानातलं मेण

१० जानेवारी १९५५, सोमवार
धानोऱ्याहून बैलबंडीत बसून आली. हाडं खिळखिळी झाली, पण जागा पाहून मन खुश झालं. दवाखाना नवाच, तलावाच्या पाळीले लागून. मले खोली अन् चूल, दोन्ही मिळालं. डॉक्टर गुणवंतराव पोरांचेच कान, नाक, गळा पाहतात. माहं काम, पोरगं मांडीत आवळून धरायचं. आज पत्रूच्या नाकातून चिंचोका काढला. रडणं सोडून म्हणे, माहा हाय, वापस द्या! डॉक्टर म्हणतात, सुगंधाबाई, रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकल्या ती विसरू नका, रोज काही लिहीत जा. म्हणून लिहून राह्यली.
माही पोरगी रंभा गळा सुजूनच गेली. आवाज पार घोगरा झाला होता. असा डॉक्टर तेव्हा कुठी होता.

१२ जानेवारी
इथल्या बायांचं डोकं फिरलं आहे. एकूणएक पोराच्या कानात मेण! मोहळाचं, मोहाच्या टोरीच्या तेलात मळून ठासलेलं. काऊन, तर म्हणे दिवेलागणीले तलावातून हाक येते. आपलं जे मेलं त्याच्याच आवाजात. ओ दिली की माणूस गेला. मोठ्यांले तोंड दाबून बसता येते, लेकराले कसं जमेल? मी त्यांले चांगलं झापलं. डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या पिचकारीनं सगळ्यांचे कान साफ केले, मी डोकी धरली. शेजारच्या बुधरीची पोरगी सोमारी माह्या किल्ल्या कानाशी वाजवून वाजवून हसली. बुधरी मात्र गुरगुरली, बाई, तू नवी आहेस, तुले अजून कोणी बोलावलं नाई.
मग मीही माहे कान साफ करून घेतले. डॉक्टर म्हणाले, बाई, अर्ध्या चांदा शहराची माती निघाली की आतून!

१५ जानेवारी
पत्रू गेला. तलावात, घोटाभर पाण्यात पालथा. त्याची माय सांगते, अंगणात खेळता खेळता “ओ, आजे” म्हणाला अन् धावत सुटला. आजी मागच्या सालीच मेली. डॉक्टर म्हणतात, पाय घसरला. मीही तेच म्हटलं.
मुठीत चिंचोका होता.

१७ जानेवारी
गावातल्या इस्तारीची पोरगी पण तशीच गेली. डॉक्टर चांद्याले गेले, वर कळवतो म्हणाले. माह्याकडे पाहवत नव्हतं त्यांले. बाया रानात मेण शोधून राह्यल्या, पण थंडीची मोहळं रिकामी. बुधरीनं सोमारीले माह्या ओट्यावर आणून बसवली. तुम्ही काढलं, आता तुम्हीच सांभाळा, मी मेण पाहून येते, म्हणे. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

१८ जानेवारी
बुधरी मेणाचा गोळा देऊन परत रानात गेली. बोराएवढा. सोमारीचे कान बुजले. माह्यासाठी उरला नाई. कापूस घातला. कापसातून ऐकू —
दिवा लावला अन् पाळीवरून आवाज आला. “माय.”
तसाच घोगरा.

१९ जानेवारी
आजही. पाणी मागते. तोंडात पदर कोंबून बसली मी. सोमारीले खाटेशी बांधली. झोपली आहे. तिले काही ऐकू नाई येत, बरं झालं देवा —
गळा बरा झाला तिचा. साफ बोलून राह्यली. माय, काऊन बोलत नाई? माय, राग आला का माह्यावर?
ओट्यापाशी आली.
सोमारीची गाठ पक्की आहे. किल्ल्या तिच्या उशाशी ठेवल्या. सकाळी बुधरी येईल —
राग कायचा, रंभे? राग कायचा, बाई माही. ओ —