रिकामी गाडी जास्त उडते

चि. भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. ते सुरुवातीलाच देऊन ठेवते, कारण पत्र संपेपर्यंत द्यावेसे वाटतील की नाही याची मला खात्री नाही. तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा दमा? तुमच्याकडून काही कळलं नाही तरी दोघंही ठीक असाल असं मी धरून चालते. वर्षभर तसंच धरून चालले आहे. ऐरणीचा विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं आहे, तेव्हा निर्धास्तपणे पुढे वाचा.

तुमच्या दादांचं दुखणं तुमच्या कानावर आलंच असेल. हाडांत उतरलं आहे. दवाखान्यात सारखं न्यावं लागतं, आणि न्यायचं ते त्यांच्या त्या म्हाताऱ्या पिकअपमधूनच. मोटारीत त्यांना वाकून शिरता येत नाही. पिकअपची सीट बरोबर कमरेला लागते, टेकलं आणि पाय आत घेतले की झालं. ॲम्ब्युलन्सला ते तयार नाहीत. जन्मभर लोकांची कपाटं मागे आडवी घालून नेली, मला तसं जायचं नाही, म्हणाले. (कपाटं तरी कुरकुरायची.) तेव्हा गाडी मी चालवते, आणि मी गिअर कसा टाकते ते न पाहिल्यासारखं करून ते शेजारी बसतात. अडचण एवढीच, की गाडी उडते. काडेपेटीवरून चाक गेलं तर आत किती काड्या होत्या ते सांगता येईल, अशी उडते. प्रत्येक उडीला ते दारावरचा दांडा घट्ट धरतात, आणि घरी उतरताना म्हणतात, छान चालली. भाऊजी, तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. या माणसाने स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही ‘ठीक होतं’ म्हटलं होतं. असा माणूस उठसूट छान म्हणायला लागला की बायकोच्या घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून मी गाडी सुधारायला घेतली. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे मी. स्प्रिंगचं गणित मला अजून पाठ आहे. फक्त पुस्तकातल्या स्प्रिंगवर कुणाचा नवरा बसलेला नव्हता. सुरुवात चाकांतल्या हवेपासून केली. ती मालाच्या हिशेबाने ठासून भरलेली होती, आणि माल तर आता नसतो, म्हणून केसांतल्या आकड्याने थोडी सोडली. थोडी म्हणजे किती, हे आकड्याला कळत नाही. दवाखान्याच्या फाटकात गाडीने जी बैठक मारली, ती वॉचमन, दोन नर्सा आणि पायाला प्लॅस्टर घातलेला एक पेशंट यांनी ढकलल्यावर उठली. प्लॅस्टरवाल्याला मी नको नको म्हणत होते. पण बिचारा आत पडून कंटाळला होता.

मग गॅरेजवाला. त्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण त्याच्याकडे गेलेली गाडी उघडल्याशिवाय परत येत नाही. त्याने मागचे शॉकॲब्झॉर्बर बदलले, ते बरं केलं. पण तेवढ्यावर थांबला असता तर सर्जन कसला. मागच्या स्प्रिंगच्या कमानीतले पाटे जरा कमी करू, बाई, गाडीचा पाळणा होईल, म्हणाला. पाळणा झाला. मागचा भाग खाली बसला, नाक वर गेलं आणि दिवे थेट लोकांच्या वरच्या मजल्यांवर पडायला लागले. संध्याकाळी परत येताना एक गृहस्थ टॉवेलवरच गॅलरीत आले आणि मला जे बोलले ते तुमच्यासारख्या धाकट्या दिराला लिहिण्यासारखं नाही. तुमचे दादा मात्र हसले. फार दिवसांनी हसले, आणि बरगड्या दुखल्या म्हणून मध्येच थांबले. पाटे आम्ही लगेच परत बसवून घेतले. (सर्जन म्हणतो, तो पहिल्यापासून हेच सांगत होता.) मग मी सीटवर कापसाची गादी दुहेरी करून घातली. त्याने त्यांचं डोकं टपाला लागलं, म्हणजे पूर्वी धक्का खालूनच बसायचा तो आता वरूनही बसायला लागला. तरी उतरताना, छान चालली.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. त्यांचा नियम तुम्हाला आठवत असेल, गाडी रिकामी परत आणायची नाही. कुणाचं कपाट पोचवलं की येताना फरशीचे तुकडे, मोडकी खुर्ची, वाटेत हात केलेला माणूस, काहीतरी घालून आणायचेच. रिकामी गाडी जास्त उडते, म्हणायचे. मला ती भंगार गोळा करायची सबब वाटायची आणि त्यावरून मी आयुष्यभर भांडले. काहीच मिळालं नाही तरी केबिनच्या मागे बोल्टने आवळलेली ती होतीच. (ती म्हणजे मामंजींच्या वर्कशॉपमधली ऐरण, जी तुम्ही गेल्या वर्षी उचलून नेलीत, आणि तेव्हापासून तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. पण तो विषय मी काढणार नाही. तिच्या जागी चार भोकं आणि गंजाचा एक चौकोन आहे, एवढंच लिहिते.)

तर मी वाळूची पोती आणली. ती आधी पार मागे, फाळक्याला टेकवून ठेवली, तर पुन्हा नाक वर. शिवाय एक पोतं फाटलं आणि गल्लीतल्या मांजरांनी त्या वाळूचा जो उपयोग करायचा तो केला. शेवटी पदर खोचला आणि पोती ओढत ओढत त्या गंजाच्या चौकोनावर नेऊन रचली. त्या दिवशी गाडी अशी निमूट चालली की मला वाटलं इंजिन बंद पडलं. घर जवळ आलं तरी ‘छान’ काही ऐकू येईना. पाहिलं तर झोप लागली होती. दांड्यावरचा हात सुटून मांडीवर पडला होता. मी घरापाशी थांबले नाही, भाऊजी. डिझेल जाळत त्याच त्याच गल्ल्यांतून फिरत राहिले. तुम्ही मला काटकसरी म्हणून ओळखता.

बाकी सर्व ठीक. यातलं काय ठीक आहे ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची
वहिनी

ता. क. : ऐरणीचा विषय काढायचा नव्हता, पण कागदाला खाली जागा उरली आहे. ती घेऊन या. ती तुमचीच, माझा वाद नाही. पण वाळू गळते, मांजरं येतात. थोडे दिवस उसनी द्या.

आणखी एक : डॉक्टरांनी आता आणू नका म्हणून सांगितलं आहे. घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ द्या, म्हणाले. हे वर लिहायला मी विसरले नव्हते. परत येताना तुमचे दादाच बोलले. म्हणाले, गाडी आता सुधारली आहे, तर एकदा धाकट्याकडे जाऊन येऊ या का? तुमच्याकडचा रस्ता मी पाहिला आहे. तो त्यांना झेपणार नाही, आणि नाही म्हणणं मला झेपणार नाही. म्हणून सर्जनने एक नट बसवायचा ठेवला आहे, अशी थाप मारली आहे. रोज विचारतात, बसला का.

शेवटचं : ऐरण जड, त्यात तुमची कंबर अशी. राहू द्या तिथेच. वाळूनेही काम भागतं. तुम्ही तेवढे या. तो नट मला फार दिवस पुरणार नाही.