पालखीचा सुटलेला थांबा

बाबा, तुम्हाला हे कसं समजावून सांगू तेच कळत नाही. शिमग्यात तुम्ही शेवटचं पालखीपुढे चाललात, त्या वर्षी तुमच्या मुंबईच्या भाच्याने कॅमेरा खांद्यावर घेऊन सगळी फेरी टिपली होती, आठवतं? ती फीत आता गावाच्या चॅनलवर आहे, कुणीही कुठूनही बघतं. पण फेरी सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंतची. मुंबईवाले, आखातातले, सगळे खाली लिहायचे की आमचं अंगण नेमकं कधी येतं? एवढं बघत बसायला वेळ कुणाला! म्हणून मी चॅप्टर पाडले. व्हिडिओखाली वेळ आणि घराचं नाव लिहायचं, नावावर बोट ठेवलं की पालखी थेट त्या दारात. पहिली खूण मात्र शून्यावरच द्यावी लागते, देवळापासून. तेवढं तुम्हाला पटलं असतं. बाकी तुम्ही विचारलंच असतं, मग मधली वाट कोण चालणार?

वाटेवरून आठवलं. मी लहान असताना शिमग्याआधी तुम्ही मला घेऊन सगळी फेरी एकदा पायी करायचात. कोयत्याने आडवी आलेली झुडपं तोडायची, दगडी गडग्याच्या पायऱ्या हलतात का ते पाय देऊन बघायचं, आणि प्रत्येक घराशी थांबून सांगायचं, इथे पालखी खाली ठेवतात, इथे नाचवतात, इथे नुसतं तोंड वळवतात. एका वर्षी मी दमलेली, भुकेलेली. विहिरीवरच्या घरापाशी तुमचा हात ओढत म्हणाले की इथून सरळ बंदरावर उतरूया, क्रुसाकडच्या मावशीकडे कशाला वळसा, ती तर आपल्यातली पण नाही. तुम्ही कोयता खाली ठेवलात. मला वाटलं आता मार बसणार. पण तुम्ही हळूच म्हणालात, "देवाक गडबड नाय, तुका कित्याक गो? एक थांबो चुकलो काय फुडल्या वर्सा ती वाट मोडता." मग मावशीने त्यांचा, ख्रिस्ती लोकांचा, उपासाचा काळ असूनही आपल्याला कोकमाचं सरबत दिलं, आणि मला वर गुळाचा खडा. तो गुळाचा खडा घरापर्यंत चघळत आले मी.

तुमच्यामागे काकांनी ही फेरी सांभाळली. त्यांना सगळं तोंडपाठ. यंदा ते पाय मोडून खाटेवर पडले आणि पालखीपुढे तुमचा पुतण्या उभा राहिला. त्याला कुठे काय ठाऊक? त्याने मोबाइल काढला आणि माझे चॅप्टर बघत पालखी नेऊ लागला. खोटं कशाला बोलू, मला ऐट वाटत होती. बायकांच्या घोळक्यात मागून चालताना मी दोघी-तिघींना सांगितलंसुद्धा, ती यादी माझी म्हणून. विहिरीवरच्या घराची आरती झाली आणि ढोल सरळ बंदराच्या उतरणीला लागला. मी वळून बघितलं. क्रुसापाशी मावशी उभी होती. आता ती किती वाकलीय, बाबा. ताटात नारळ आणि अबोलीचा हार. ढोलाचा आवाज लांब गेला तरी तिने ताट खाली ठेवलं नाही. मी धावत गेले तर मलाच म्हणाली, "काय नाय गो. इसारले आसतले." आणि तो हार तिने क्रुसालाच घातला.

पुतण्याला गाठलं तर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "यादीत तां घर खंय आसा? तूच केलंस मगे ती." खरंच नव्हतं. विहिरीवरच्या घरानंतर एकदम बंदर.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. देवळात कोण म्हणतं, झालं ते झालं, व्हिडिओत नाही म्हणजे मान नसेलच. कोण म्हणतं, बरं झालं, एक वळसा वाचला. आणि असेही आहेत दोघे-चौघे, ज्यांना ती वाट मोडलेली हवीच आहे. ते नुसते हसतात, आणि मला त्यांच्याच हसण्याची भीती वाटते. काकांना विचारलं. ते खाटेवरून एवढंच म्हणाले, "सोडलेलो थांबो परत घेवचो तर देवासमोर गाऱ्हाणा घालूक व्हया. आणि चूक कोणाची ती सांगूक व्हयी." म्हणजे रविवारच्या गावसभेत, भरल्या देवळात, सगळ्या मानकऱ्यांसमोर, मी उठून बोलायचं. आजवर त्या सभेत एकही बाई बोललेली नाही. नाही बोलले, तर पुढल्या शिमग्याला मावशी ताट घेऊन उभी राहील की नाही, आणि राहिली तर कुणासाठी?

मी बोलणार आहे. चूक माझी, व्हिडिओत तो थांबा आहे, हे सांगणार आहे. कारण तो खरंच तिथे आहे. आज दुपारी दार लावून ती फीत पहिल्यांदाच न सरकवता बघितली. विहिरीवरच्या घराकडून तुम्ही वळता आणि तुम्हाला खोकला लागतो, पुढे तुम्हाला घेऊन गेला तोच. भाचा कॅमेरा तसाच खाली ठेवून पाणी आणायला पळतो, म्हणून दिसते नुसती माती आणि लोकांचे पाय. खोकला थांबता थांबत नाही. मग तुमचा आवाज, धाप लागलेला: "थांबा रे. पालखेचा तोंड वळवा. मावशी उबी आसा."

तिथे आता खूण दिली आहे, खोकला सुरू होतो तिथूनच. देवळात लोक विचारतील की एवढा थांबा तुझ्या नजरेतून सुटला कसा, तर मी म्हणेन, कॅमेरा खाली होता, दिसलं नाही. तुम्हाला मात्र खरं सांगते. तुमचा खोकला सुरू झाला की मी दर वेळी फीत पुढे ढकलायचे, थेट बंदरापर्यंत.