दोन भैरू

सोमवार, १६ नोव्हेंबर १९९८

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे! कळंबोलीच्या लोखंड बाजारात शिरलं की आधी कान बधिर होतात. ट्रकमधून सळया उतरत असतात, क्रेन कुरकुरत असते, हमाल ओरडत असतात. पण आमचं ऑफिस गोदामाच्या माडीवर आहे आणि त्याला चक्क एसी आहे. तो कॉम्प्युटरसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं अकाउंट्सच्या सुचित्राताईंनी हसत सांगितलं. मालक नंदकिशोरशेठ यांनी स्वतः चहा मागवला.

काम असं: माल, गिऱ्हाइकं, कामगार, सगळ्यांची माहिती आजवर वेगवेगळ्या स्प्रेडशीटमध्ये पडून आहे. ती पुण्याहून आणलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. मग स्टॉक, बिलं, पगार, सगळा धंदा एका जागी. बूथवरून कराडला आईला फोन केला. तिला यातलं काही कळलं नाही, पण एसी आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

माल आणि गिऱ्हाइकं चढली. एकच गिऱ्हाईक दोन स्पेलिंगांनी आलं की सॉफ्टवेअर थांबतं आणि विचारतं: डुप्लिकेट, मर्ज करू? ‘वाय’, म्हणजे हो, दाबलं की दोघांचं एक होतं. घर झाडून काढल्यासारखं वाटतं.

दुपारी डबा खायला खाली गेले. गोदामावर पेणचे हारुनभाई सुपरवायझर आहेत. त्यांनी दोन्ही भैरूंची ओळख करून दिली. पाटणकडचे चुलतभाऊ, आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलेलं. थोरला भैरू अबोल, गॅस कटिंगच्या वेळी त्याचा डावा हात भाजलाय. धाकटा कानात बाळी घालतो आणि तोंड म्हणून मिटत नाही. थोरल्याची बायको राजाबाई दोघांचा डबा करते. धाकट्याने बळेच मला ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी आलं तसे दोघेही हसले, थोरलासुद्धा.

शनिवार, २१ नोव्हेंबर

आज कामगारांची शीट घेतली. शेठ मागे उभे राहून घाई करत होते. भैरूपाशी सॉफ्टवेअर थांबलं. आडनाव एक, गाव एक. जन्मतारीखही एकच, कारण तारीख माहीत नसलेल्या सगळ्यांना मुकादमाने एक जून लावून टाकली आहे. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. आठवडाभर ‘वाय’ दाबून बोटाला सवय झालेली. दाबलं गेलं.

लगेच लक्षात आलं, ही माणसं दोन आहेत. शेठ म्हणाले, सोमवारी नीट कर, पळून चाललेत का ते?

सोमवार, २३ नोव्हेंबर

भैरू एकटाच आलाय.

खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटलं, धाकटा असेल, कानात बाळी दिसली. मग त्याने तोंडावरचा घाम पुसला. डावा हात भाजलेला.

हारुनभाईंना विचारलं, दुसरा कुठंय? ते म्हणाले, कोण दुसरा? मला वाटलं, नव्या पोरीची थट्टा चाललीये. सुचित्राताईंनाही एकच भैरू माहीत आहे. त्यांना थट्टा करता येत नाही.

मूळ शीट उघडली. तिच्यातही एकच ओळ आहे. दोन होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या.

बुधवार, २५ नोव्हेंबर

भैरू आपण होऊन जिना चढून वर आला. दारातच उभा राहिला. खोली गार, तरी त्याच्या अंगावरून घाम निथळत होता. मला म्हणाला, “ताई, आंग लय जड झालंय. निजलो की कंची कूस माजी, कळत न्हाई.” एवढं बोलून तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता एकदम गप्प झाला. डोळे मात्र हसतच राहिले. ते कुणाचे होते ते मला ओळखू आलं.

संध्याकाळी राजाबाई गेटवर भेटली. हिलाही दीर आठवत नाही. पण डबा मात्र दोघांचा करते, का ते तिलाच सांगता येईना. शेवटी माझा हात धरून हलक्या आवाजात म्हणाली, “घरात येत्यात आन् मला वयनी म्हनत्यात. सवताच्या बायकूला. मला भ्या वाटतं ओ ताई.”

मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

कोणाला न विचारता केलं. शीटमध्ये धाकट्याची ओळ हाताने टाइप केली. परत चढवली. डुप्लिकेट, मर्ज करू? या वेळी ‘एन’. नाही. हे दोघे वेगळे आहेत.

स्वीकारलं! बरं वाटलं. उद्या धाकटा ठेचा घेऊन येईल.

शनिवार, २८ नोव्हेंबर

दोन आले.

दोघांच्या कानात बाळी. दोघांचा डावा हात भाजलेला. बरोबर चालतात, एकच पाय आधी उचलतात. एक हसला की दुसरा गप्प होतो.

हारुनभाई म्हणतात, जुळे आहेत, पहिल्यापासून.

राजाबाई डबा घेऊन आली होती. दोघांनीही हात पुढे केला. तिने डबा तिथेच टाकला आणि हायवेकडे पळत सुटली. हारुनभाई हाका मारत मागे गेले. मी जागची हलले नाही. हे मी केलं—

सोमवार, ३० नोव्हेंबर

राजाबाई सापडलेली नाही. ते दोघे कामावर आहेत.

शेठना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, म्हणाले ताप असेल, एवढी स्टाफची शीट चढव आणि घरी जा. सुचित्राताईंनी बनवलेली शीट. पाच-सहा तर नावं. चढवली.

थांबलं.

माझंच नाव. जयमाला, दोनदा. स्पेलिंग एकदा वायने, एकदा आयने. मर्ज करू?

‘वाय’ काय करतं ते मला माहीत आहे. ‘एन’ काय करतं तेही.

काहीच दाबलं नाही. स्क्रीन तसाच सोडून निघाले. प्लग काढायचीसुद्धा भीती—

मंगळवार, १ डिसेंबर

सुचित्राताईंनी दाबलं. काल, मी गेल्यावर. त्या म्हणतात, काल तूच शेठना सांगत होतीस ना, ‘वाय’ दाबून घोळ झाला, म्हणून ‘एन’ दाबलं.

माझ्या खुर्चीत ती बसली आहे. माझा निळा ड्रेस. माझी वेणी. शेठ तिच्याशी बोलून गेले, माझ्याशी बोलून गेले. कोणालाच काही—

मी सुचित्राताईंच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. तीही लिहिते आहे. मी थांबले की थांबते. तिलाही सगळं आठवतं, तिच्या चेहऱ्यावर दिसतंय. तीही तेवढीच घाबरली आहे. आधी वाटलं, दोघी मिळून काहीतरी—

तिने पेन खाली ठेवलं. मी नाही ठेवलेलं.

कीबोर्ड तिच्या बाजूला आहे. शीट परत चढवते आहे. स्क्रीन थांबला. तेच विचारतोय.

मी ओरडले, नको. ती माझ्याकडे बघून रडते आहे. बोट वायवर—

अंग जड—

आम्ही दो