उघड्या शटरची चार मिनिटं

१ डिसेंबर १९९८, मंगळवार

पोचले एकदाची कोल्हापूरला! एसटीतून उतरले तर हवेत मळीचा गोडसर वास. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात दिसतोय. ट्रायपॉडची लांब पिशवी बघून रिक्षावाल्यानं विचारलं, बंदूक हाय का काय. फोटोचं स्टँड आहे म्हटल्यावर त्याची जरा निराशाच झाली.

सोमलिंगअण्णांचं घर उद्यमनगरात, त्यांच्या बंद पडलेल्या फौंड्रीला लागूनच. अण्णा साठीचे, मूळचे गडहिंग्लजकडचे. आवाज मोठा, बोलणं थोडं. घरात ते आणि त्यांची बायको बसव्वाक्का, दोघंच. शेडमधली जुनी ऑइल इंजिनं भंगारात जायच्या आधी त्यांचे बारा फोटो काढायचे आहेत, कॅलेंडरसाठी. 'अंधारात बॅटरीच्या उजेडानं फोटो काढणारे पाहिजेत' ही त्यांची जाहिरात माझ्या आईनं, माईनंच पेपरातून कापून नगरहून पुण्याला मला पाठवली होती. तिला माझं हे वेड कधी पटलं नाही, तरी कात्रण मात्र पाठवलं.

अक्कांनी जोंधळ्याची भाकरी, झुणका आणि खर्डा वाढला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या खोलीच्या भिंतीवर याच पद्धतीनं काढलेला एक फोटो आहे. इंजिनाभोवती उजेडाची एकच देखणी रेघ फिरते आणि उजव्या कोपऱ्यात एकदम खाली उतरून संपते. असा शेवट मला सुचला नसता. कुणी काढला विचारलं, तर अण्णा म्हणाले, "घरातलाच हाय." आणि बाहेर गेले.

२ डिसेंबर

शेड झकास आहे. पिराजी म्हणून एक म्हातारा राखणदार आहे, पूर्वी इथंच मोल्डर होता, ओतकामाचे साचे करणारा. त्यानं खिडक्यांना आणि पत्र्याच्या भोकांना काळा कागद चिकटवून दिला. दुपारी दोन वाजता आत स्वतःचा हात दिसत नाही. "लोकं अंधारात उजेड करत्यात," तो म्हणाला, "तुमी भर दुपारी अंधार करताय की बाई!"

त्याला सगळं समजावून सांगितलं. कॅमेरा स्टँडवर, शटर चार मिनिटं उघडं. तेवढ्यात काळे कपडे घालून मी चौकटीत शिरते आणि टॉर्चनं इंजिन जणू रंगवत जाते. जिथं उजेड पडेल तेवढंच फिल्मवर उमटतं. शेवटी टॉर्च कॅमेऱ्याकडे वळवून इंजिनाभोवती एक अखंड रेघ ओढते. माझ्यावर उजेड नसतो आणि मी सतत हलत असते, म्हणून मी फोटोत येत नाही. चार मिनिटं तिथं असून नसायचं. या कामातलं मला हेच सगळ्यात आवडतं.

आज सहा फोटो काढले. फार दिवसांनी हात मोकळे झाल्यासारखे वाटले.

४ डिसेंबर

न्हाणीघराची डार्करूम केलीय. पहिला रोल धुतला. इंजिनं सुरेख आलीत, पण तिसऱ्या फोटोत रेघ तुटलीय. मी टॉर्च कुठंच विझवला नव्हता, त्याबद्दल खात्री आहे. रेघ मधेच थांबते, वीतभर जागा काळी, मग पुढे पुन्हा सुरू. कॅमेरा आणि टॉर्च यांच्यामधे कुणी उभं राहिलं तरच असं होतं.

पिराजी आत आला असणार. विचारलं, तर त्यानं गळ्याची शपथ घेतली. तो बाहेर बिडी ओढत होता म्हणे. पाचवा आणि सहावा फोटो पुन्हा नीट पाहिला. तिथंही रेघ तुटलीय. काळ्या जागेला डोकं आहे. खांदे आहेत.

६ डिसेंबर

आज दाराला आतून कडी घातली. आत मी एकटी. आठ फोटो काढले, आठांतही तो काळा माणूस. पहिल्यात कॅमेऱ्याजवळ आहे. मग प्रत्येक फोटोत थोडा थोडा आत सरकत, रेघ ओढणाऱ्या हाताच्या दिशेनं. म्हणजे माझ्या.

अण्णांना प्रिंट दाखवले. मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी प्रिंट खिडकीशी नेले आणि काळ्या जागेच्या कडेवरून बोट फिरवत बसले. जेवायलाही उठले नाहीत.

झोप लागत नाहीये. उठते, पाणी पिते, प्रिंट बघते, पुन्हा झोपते.

८ डिसेंबर

आज अक्कांनी सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

शिवकुमार त्यांचा एकुलता मुलगा. तेवीस वर्षांचा. आईला अव्वा म्हणायचा. फौंड्रीत लक्ष नव्हतं, सारखा कॅमेरा. चार वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, याच पद्धतीनं फोटो काढत होता. अंधारात ओतकामाच्या खड्ड्यात पडला. शटर तसंच उघडं राहिलं. माझ्या भिंतीवरचा फोटो तोच. ती खाली गेलेली रेघ म्हणजे त्याच्या हातातली बॅटरी.

मी त्या शेवटाचं कौतुक केलं होतं.

अक्का म्हणाल्या, खड्डा बुजवला, पण अण्णांचं मन काही भरलं नाही. माझ्याआधी दोघांना बोलावलं होतं, दोघंही आठवड्यात पळाले. "तू बी जा गं बाळा," त्या म्हणाल्या, "आमचं पोरगं गेलंया. त्येला फोटोत धरून काय हुतंया?"

९ डिसेंबर

बॅग भरली होती. अण्णा दारात आले. एवढा मोठा आवाज, पण कुजबुजल्यासारखे बोलले. "डोस्कं दिसतंया, खांदं दिसत्यात. तोंड तेवढं न्हाई. एकदा तोंड दिसू दे पोरी, मग मी मागणार न्हाई."

 मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. मलाही बघायचं होतं.

११ डिसेंबर

काळी जागा येते तिथं टॉर्च मारला. काहीच नाही, नुसती हवा. शेवटी कंटाळून मी त्याच जागी स्थिर उभी राहिले आणि टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला. दहा सेकंद. पुष्कळ फोटोग्राफर अशी सही करतात.

प्रिंट रसायनाच्या ताटलीत हळूहळू उमटत गेला. आधी भुवया. मग नाक. मग बारीक मिशी.

अण्णा तो ओला कागद छातीशी धरून रडले. अक्का उंबऱ्यातून आत आल्याच नाहीत.

उजेड माझ्या तोंडावर होता. मग मी कुठंय?

१२ डिसेंबर

भर उन्हात, अंगणात, पिराजीकडून माझा फोटो काढून घेतला. तेलाच्या पिंपापुढे उभी राहिले. फोटोत पिंप पूर्ण दिसतंय. अगदी माझ्या पाठीमागचं मधलं लेबलसुद्धा.

पिराजीनं फोटो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. किल्ल्या ओट्यावर ठेवून तो घरी गेला. किल्ल्या अण्णांनी उचलल्या.

१३ डिसेंबर

घरी जायला निघाले. एसटी स्टँडवरच्या बूथवरून माईला फोन लावला. माई, मी बोलतेय म्हटलं. ती म्हणाली, "कोण बोलताय तुम्ही? भैरवी कुठंय? तिच्याकडे द्या फोन." मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ती घाबरली, फोन ठेवला.

बूथवाला म्हणाला, "लाइन खराब हाय व्हय, भावा?"

घरी कशी जाऊ? कोण म्हणून जाऊ?

परत आले. अक्का पाठमोऱ्या होत्या. पावलं ऐकून म्हणाल्या, "आलास व्हय शिवू?" मग वळल्या — आणि तोंडावर पदर —

१४ डिसेंबर

सकाळी उठलो.
उठले. उठले. खोडून परत लिहिलं.

एकच मार्ग सुचतो. जसं गेलं तसंच परत आणायचं. त्याच जागी उभं राहायचं, पूर्ण चार मिनिटं, तोंडावर उजेड धरून. अण्णांना विचारलं तर ते किल्ली देईनात. "जरा ऱ्हा की," म्हणाले. माझ्याशी नाही बोलले. माझ्या तोंडाशी बोलले.

दुपारी अक्कांनी किल्ली आणून हातात ठेवली. उद्या अण्णा बँकेत जातील तेव्हा. त्या दाराबाहेर थांबतील. चार मिनिटं झाली की मला माझ्या नावानं हाक मारतील, त्या हाकेवर मी बाहेर यायचं. त्यांच्याकडून नाव तीनदा म्हणवून घेतलं. भैरवी, भैरवी, भैरवी. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला.

१५ डिसेंबर, शेडमध्ये

शटर उघडलं. टॉर्च तोंडावर. उरलेल्या उजेडात लिहितेय, लिहीत राहिले तर मी आहे —

एक मिनिट. जवळ कुणीतरी श्वास घेतंय. माझ्याच लयीत.

माझं नाव भैरवी. आई माई. गाव — गाव —

दोन. लिहिणारा हात माझा नाही. नखांत काळी माती हाय —

बाहेर अण्णा. लवकर आले. अक्का रडतायत. ते म्हणतायत, हाक मार, तुज्या तोंडानं एकदा हाक मार त्येला —

अक्का, भैरवी म्हणा. ठरलंय आपलं. भैरवी म्हणा —

तीन —



चार. हाक आली.

"शिवू" म्हणाली.

आलो अव्वा. दार उघड. लई अंधार हाय हितं, मी कवाधरनं हुबा हाय, मी