मधलं चित्र

बाबा, काल दुपारी फोनमधली दोन चित्रं माझ्या डोळ्यांसमोर एक झाली, आणि तेव्हापासून मी पहिल्यासारखा राहिलो नाही. फरक शोधायचा साधा खेळ आहे. डावीकडे एक स्वयंपाकघर, उजवीकडे तेच, पाच जागी काहीतरी बदललेलं. वेळेचं घड्याळ नाही, हरणं-जिंकणं नाही, मागे बासरी. माझ्या मैत्रिणीनेच तो फोनमध्ये टाकून दिला होता, म्हणाली, "डोकं गरम झालं की हे खेळ, किसी का कॉलर मत पकड़." तुम्ही गेल्यावर अशीच एक कॉलर धरल्यापायी मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, हे तुम्हाला कुठून माहीत असणार! तीन आठवडे झाले, ती बोलत नाही. शेवटचं एवढंच म्हणाली, "काय बदललं ते तुला दिसेल तेव्हा ये." मी तर धरूनच बसलो होतो की तीच बदलली.

छापखान्यात तुम्ही बिडीची लेबलं तपासायचे. मंजूर नमुना आणि नवं लेबल शेजारी ठेवायचं, डोळे नाकाकडे वळवायचे आणि गप्प उभं राहायचं. मशीनवाले चिडवायचे, "भेंगे भैया, घर में भाभी भी दो दिखती हैं क्या?" तुम्ही म्हणायचे, "एक ही दिखती है, तभी तो डरता हूँ." आणि बोट ठेवायचे: मोराच्या पिसातला एक ठिपका गायब. रविवारी कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घरात खाटेवर पेपरातलं कोडं पसरलेलं आहे, मी चिडून राहिलो आहे, आणि तुम्ही म्हणता, "शोधू नको रे. दोघांना एकावर एक येऊ दे. वेगळं असेल ते आपोआप थरथरेल." मी पेपर फेकतो, दार आपटून निघून जातो. मागून तुमचा आवाज येतो, "दाराने काय केलं तुझं?"

काल फोन आडवा धरून तसंच केलं. आई म्हणाली, "काहून डोळे वाकडे करून बसून राहिला? तसेच अडकतील!" आणि दोन चित्रांच्या मधोमध तिसरं उगवलं, खोल, जिवंत. त्यात कपाचा एक कान उन्हातल्या पाण्यासारखा लुकलुकत होता. बाबा, शाईच्या वासाच्या त्या खोलीत तुम्ही रोज हे पाहत होते? आणि मला वाटायचं, बिचारे डोळे फोडून घेतात!

मग हिंमत करून तिचे-माझे दोन फोटो शेजारी लावले. बड़ा फुहारा चौकात उसाच्या रसवाल्याने लागोपाठ काढलेले. मी त्यांना एकच समजत होतो. मधे फक्त तिच्या वर्गातल्या कोणीतरी रस्त्यावरून तिला हाक मारली होती, एवढंच. वाटलं, आता तिचं हसू थरथरेल. ते स्थिर होतं, जसंच्या तसं. थरथरत होती फोटोतली माझी बोटं. पहिल्या फोटोत ही बोटं तिच्या हातावर नुसती टेकलेली. दुसऱ्यात त्यांनी तिचं मनगट आवळलेलं.

आज हेच तिला सांगायला जातो आहे. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही. हा कागद तुमच्या लेबलांच्या डब्यात ठेवतो. आणि एक कबूल करतो: पेपरातली जी कोडी मी सोडवली म्हणून तुम्ही मला जलेबी आणली, त्यांची उत्तरं खाली उलटी छापलेली असायची. मी तीच वाचायचो. तुम्हाला दिसत असणारच.

चप्पल घातली. आई आतून आधीच ओरडून राहिली आहे, "दार!" मी बाहेर येतो, कडी धरतो आणि दार हळूच ओढून घेतो.