समोरच्या खुर्चीतली भूक

प्रिय चिमणे,

सोबतीची किंमत आज मोजली. चाळीस दिवसांत अकरा किलो उतरलो. ज्या काट्यावर आयुष्यभर कँटीनचे बटाटे तोलले, त्याच काट्यावर स्वतः उभा राहिलो.

तू कॉलेजात मानसशास्त्र शिकवतेस. मागे तू मला माणसाच्या गरजांच्या पायऱ्या सांगितल्यास: आधी पोट, मग निवारा, मग माया, मग मान. मी हसलो होतो. म्हटलं, पोरी, वाढणाऱ्यानं तोंड वाकडं केलं तर दोन दिवसांचा उपाशी, कारखान्यातला फिटरही ताट सरकवून उठतो. त्यावर तू म्हणालीस, भूक आतून ढकलते तशी बाहेरूनही ओढते. घड्याळ, वास, समोर बसलेलं माणूस. तेव्हा मी फुशारकी मारली, की पुस्तकं तुझी, कान माझे. कोणाचं पोट बोलतंय ते दहा हातांवरून ओळखतो. हातगाडीचं कँटीन काय उगाच झालं?

तर ऐक. तुझी आई गेल्यावर महिन्याभरानं, दुपारची गर्दी ओसरल्यावर, मी आमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवायला बसलो. समोरच्या रिकाम्या खुर्चीतून पोट गुरगुरल्याचा आवाज आला. बारीक, लाजल्यासारखा. तीस वर्षं ती सगळ्यांचं झाल्यावरच घास घ्यायची, आणि तिचं पोट असंच बोलायचं. मला ऐकू यायचं, तरी मी आधी जेवून घ्यायचो. म्हणून तिचं ताट वाढलं आणि ठरवलं, आता पहिला घास तिचा. मग रोज तेच. ताटावरची वाफ विरायची, मी बसून राहायचो, दोन्ही ताटं तशीच उचलायचो. रात्री कपभर दूध पिऊन पडायचो. भूक अशी लागायचीच नाही. आवाज मात्र रोज वाढत होता.

काल आपला आचारी लंबू न विचारता तिच्या खुर्चीत बसला. अंगावर काटा आला माझ्या. आवाज चालूच. त्यानं मान तिरकी करून ऐकलं आणि हळूच म्हणाला, "शेठ, इथं काही नाही. तुमच्याकडून येतोय."

पोटावर हात ठेवला. हाताखाली थरथरत होतं. कानांना तरीही समोरूनच ऐकू येत होतं.

आजही तेच झालं, म्हणून हे पत्र. रविवारी ये. त्या खुर्चीत बस आणि माझ्याआधी एक घास घे. मग बहुतेक मलाही घास जाईल. माझ्या त्या कानांचं मात्र कॉलेजात कोणाला सांगू नकोस. चाळीस दिवस माझंच पोट बोलत होतं, आणि मला ओळखता आलं नाही.

तुझाच,
बाबा