बोर्ड ओळखीतूनच घ्यावा

८ जानेवारी २००७, सोमवार. नारायणगाव.
संपतकाकांच्या वर्कशॉपमधलं लेझर कटिंग मशीन सकाळी बिघडलं. लेझरचं डोकं आडवं जातं, उभं जात नाही. गोल कापायला सांगितलं की रेघ मारतं. उभ्या मोटरला हुकूम देणारा ड्रायव्हर बोर्ड जळलाय, असं ऑपरेटर राजरत्न म्हणाला. महिनाअखेर पंपाच्या कंपनीचे साहेब काम बघायला येणार. पंपाला सगळं गोलच लागतं.
काकांनी बोर्ड आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी शांत आहे. मशीन खरंच बिघडलंय ना, हे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं, एवढंच.

तोच दिवस, संध्याकाळी
बाबांचा गावाहून, आण्याहून फोन. मशीन मी सुरू करून दाखवलं तर नोकरी चालू ठेवायची. नाहीतर घरी यायचं, घोडेगावचे पाहुणे बघायला येणार आहेत. मी म्हटलं, चालेल. मला लग्नाची भीती वगैरे नाही. जेवण गेलं नाही ते वांग्यामुळे.

१० जानेवारी
काका म्हणाले, पुण्याच्या डीलरला फोन कर, बोर्डाचा नंबर सांग, तो पाठवील. दिवसभर विचार केला. ज्याचं तोंड पाहिलेलं नाही त्याच्याकडून वस्तू मागवायची? शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. पाढ्यांच्या आधी शिकवलं की बैल, बियाणं आणि सोयरीक ओळखीतूनच करावी. बोर्ड यात बसतो.
काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कर बाई तुला जमंल तसं, पण महिन्याच्या आत."

११ जानेवारी
भोसरीच्या भिकामामांना फोन केला. त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध नाही, पण माणूस आपला. म्हणाले, "नमुना धाड, जोड लावून देतो."
घोडेगावच्या प्रयागआत्यालाही सांगून ठेवलं. डावललं असं वाटायला नको. आत्याने विचारलं, "बोर्ड म्हंजी पाटी का गं?" समजावून सांगितलं. मग म्हणाली, "आमचं जावई चाकणला हायेत. त्येंच्या लई वळखी."
दोन बाजूंनी शोध सुरू. बोर्ड आलाच समजा.

१२ जानेवारी
नमुना म्हणून जळका बोर्डच मामांकडे पाठवायचा. त्यावर काजळी, धूळ, एका बाजूला काळा डाग. आमच्या घरातून वस्तू बाहेर जाते ती घासूनपुसूनच जाते. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. डाग निघाला. लेबल पुसट झालं होतं, म्हणून नवं चिकटवलं. नंबर माझ्या अक्षरात, ठळक.
राजरत्न म्हणाला, "ताई, नमुना धाडताय का नवरी?" लक्ष दिलं नाही.

२० जानेवारी
मामांनी नमुना भोसरीतल्या एका जुन्या पार्टच्या दुकानात ठेवला आहे. दुकानदार म्हणाला, राहू द्या, बघतो. आता मामांना त्याच्याकडे पुन्हा विचारायला संकोच वाटतो, कारण त्याने चहा पाजला. मामांचं बरोबर आहे.
संकल्प : मामांना रोज फोन करायचा नाही. दिवसाआड.

२१ जानेवारी
मामांना फोन केला. आत्याची खुशाली सांगायला.

२४ जानेवारी
आत्याच्या जावयांना बोर्ड मिळाला. योगायोग म्हणजे भोसरीतच, एका जुन्या पार्टच्या दुकानात. नंबर तोच. दुकानदार म्हणाला, इतका स्वच्छ माल रोज येत नाही. जावयांनी लगेच घेतला.
मामांना कळवलं, शोध थांबवा. मामा म्हणाले, "बरं झालं. त्या दुकानदाराला आपला नमुना घावंना झालाय. तो बी हुडकतोय बिचारा." असो. नमुन्याची आता गरज नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार
एस.टी.ने घोडेगावला जाऊन बोर्ड आणला. आत्याने शेंगदाण्याची चटणी दिली. बोर्ड पाहून फार समाधान वाटलं. धुळीचा कण नाही. लेबलवरचं अक्षर तर सुरेखच. असा टापटिपीचा माणूस या धंद्यात आहे हे पाहून बरं वाटलं. ओळखीतून घेतल्याचा हा फायदा.

२७ जानेवारी
बोर्ड बसवला. रेघ.
राजरत्न म्हणाला, "ताई, ह्यो आपलाच हाय. काढताना ह्यो कोपरा माझ्याच हातनं तुटला व्हता." मी म्हटलं, एका कंपनीचे बोर्ड सारखेच असणार. तो म्हणाला, "मंग कंपनी काय कोपरं तोडून देती व्हय?" मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही. अक्षराबद्दल कोणी विचारलं नाही, त्यामुळे मीही काही बोलले नाही.
काका बाहेर गेले. बराच वेळ खिडकीतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. दमा असावा.

३१ जानेवारी
काकांनी परवा पुण्याला फोन केला होता. नंबर सांगितला, एवढंच. आज बोर्ड कुरिअरने आला. मशीनने गोल कापला. पंपाचे साहेब खूश होऊन गेले. मी तो गोल कंपासने तपासला. बरोबर आहे.
पण मशीन मी सुरू केलेलं नाही. बाबांशी खोटं बोलणार नाही. आत्याला तर कोपऱ्यासकट सगळं फोनवर सांगितलं. कपडे पिशवीत भरले. मी शांत आहे. पिशवी पुन्हा रिकामी करून नीट घड्या घालून भरली.

२ फेब्रुवारी
बाबांना फोन करून खरं सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबवून म्हणाले, "आरते, ऱ्हाऊ दे. मला घोडेगाववरनंच कळलं. तुझ्या आत्यानं पावण्यांना कौतुकानं सगळं सांगितलं. पावणं येत न्हाईत. म्हणत्यात, पोरगी आपलीच वस्तू इकत घेती, उद्या गोठ्यातली म्हस बाजारातनं घेऊन येईल." मग म्हणाले, "ऱ्हा तिकडंच."
म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला.
काकांनी खरेदी राजरत्नकडे दिली आहे. माझ्याकडे ऑफिसचा चहा आणि साखर. स्वतंत्र जबाबदारी. कोपऱ्यावरच्या दुकानातून आण म्हणाले, पण त्या दुकानदाराची आपली काहीच ओळख नाही. उद्या सकाळी येडगावच्या मावसबहिणीला फोन करते.